नव्या गाडीच्या रंगावर किती खर्च करावा?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण सांगलीत विश्रामबागेत राहता आणि साधारण १४ लाखांची, गडद निळ्या रंगाची छोटी एसयूव्ही नोंदवली आहे. गाडी आठवड्यातून एकदा पुण्याला जाईल, महिन्यातून दोनेक वेळा तासगावकडच्या द्राक्षबागेवर जाईल आणि रात्री इमारतीच्या आवारात कडुनिंबाखाली उघड्यावर उभी राहील. विक्रेत्याने ६ हजारांचा टेफ्लॉनचा लेप, २८ हजारांचा सिरॅमिकचा लेप आणि सव्वा लाखाची संपूर्ण गाडीवरची पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, असे तीन पर्याय दिले आहेत, शिवाय तळाच्या अँटिरस्टचे, म्हणजे गंजरोधक लेपाचे, पैसे वेगळे सांगितले आहेत. यांपैकी काय घ्यावे आणि कुठे थांबावे, हे आपल्याला ठरवायचे आहे.

मी साताऱ्यात गाड्यांच्या रंगाचेच काम करतो आणि यांतल्या बऱ्याच गोष्टी विकतोही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. आपल्या वापरासाठी माझे मत असे आहे की पुढच्या भागावर चांगल्या प्रतीची पीपीएफ लावून घ्यावी, उरलेल्या गाडीवर साधे एका थराचे सिरॅमिक किंवा नुसते सीलंट, म्हणजे काही महिने टिकणारा मेणासारखा पातळ लेप, करावे आणि टेफ्लॉन, अँटिरस्ट व संपूर्ण फिल्म या तिन्हींना नकार द्यावा. आमच्या भागातल्या सध्याच्या दरांप्रमाणे हे काम ४० ते ५० हजारांत बसते, आणि सिरॅमिकऐवजी सीलंटवर भागवल्यास त्याहून कमी लागतात.

कारखान्यातून आलेल्या रंगात सहसा चार थर असतात. पत्र्याला चिकटलेला गंजरोधक ई-कोट, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा रंग म्हणजे बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरतात, आणि त्यांतला क्लिअर कोट केवळ ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. उन्हातील अतिनील किरणे अडवणारी रसायने याच थरात असतात. चकाकीही याचीच असते. मशीनने रबिंग-पॉलिश केले की ओरखडे जातात असे आपल्याला दिसते, पण प्रत्यक्षात ओरखड्याच्या तळापर्यंत क्लिअर कोट घासून काढलेला असतो. म्हणून ‘दरवर्षी मोफत पॉलिश’ हे आमिष मला नेहमीच धोक्याचे वाटत आले आहे. गाडीच्या आयुष्यात असे पॉलिश मोजकेच वेळा परवडते.

रंगाचे संरक्षण विकत घेताना नुकसान नेमके कशामुळे होणार आहे, हे आधी पाहावे लागते, कारण दगडाचा आघात, फडक्याचे ओरखडे, पक्ष्यांची विष्ठा, बोअरच्या पाण्याचे क्षार आणि गंज या वेगवेगळ्या तक्रारी असून एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही. विक्रेत्याच्या पत्रकात मात्र या सगळ्या एकाच वाक्यात आणि एकाच किमतीत आलेल्या असतात.

आपल्या बाबतीत दगड हा सर्वांत महागडा शत्रू आहे. पेठ नाक्यावर महामार्गाला लागल्यापासून कराड, सातारा, खंबाटकी करत पुण्यापर्यंत जाताना सहापदरीकरणाच्या कामांचे टप्पे लागतात, वळवलेल्या रस्त्यांवर सुटी खडी असते आणि आपल्याकडची खडी म्हणजे धारदार काळा बेसाल्ट. पुढच्या डंपरच्या चाकातून उडालेला खडा आपल्या गाडीच्या वेगानिशी आदळतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने तोच खडा आदळला, तर मार दीडपटीहून अधिक बसतो. हा मार बंपर, बॉनेट, आरशांच्या पाठी, काचेशेजारचे खांब आणि छताची पुढची कड यांवर पडतो. शिवाय स्वतःच्याच पुढच्या चाकांनी उडवलेली खडी मागच्या चाकाच्या कमानीपुढच्या पत्र्यावर बसते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बंपर प्लास्टिकचा असल्याने तो गंजत नाही, फक्त विद्रूप दिसतो. पोलादी बॉनेटवर मात्र टवका ई-कोटच्या खाली गेला, तर एक-दोन पावसाळ्यांत तिथे तांबडा ठिपका उमटतो.

दगडापुढे सिरॅमिक निरुपयोगी आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बाटलीतून लावले जाणारे हे सिलिकायुक्त द्रव्य सुकल्यावर एक-दोन मायक्रॉनचा, फार तर त्याहून किंचित जाड थर ठेवते. त्याची जाहिरात ज्या ‘९एच’ कठीणपणावर होते, ते पेन्सिलींनी घासून पाहण्याच्या चाचणीतले माप आहे. ९एच ही त्या मोजपट्टीतली सर्वांत कठीण पेन्सिल. पेन्सिलीने चरा पडला नाही म्हणून बेसाल्टनेही पडणार नाही, असे होत नाही. रस्त्यावरच्या साध्या धुळीतले वाळूचे कणही तिच्यापेक्षा कठीण असतात.

पीपीएफची गोष्ट वेगळी आहे. ही थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, म्हणजे टीपीयूची, १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म असते. म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगथरांहून ती जाड भरते. ती लवचीक असल्याने खडा आदळला की दबते आणि आघात पसरवते. वरच्या लेपावरचे बारीक ओरखडे उष्णतेने भरून येतात, त्यासाठी आपल्याकडचे एप्रिलमधले दुपारचे ऊन पुरेसे असते. मोठा धारदार दगड फिल्मही फाडेल, पण तेव्हा बदलायची ती फिल्म, रंग नव्हे. बाजारात टीपीएच या नावाने जी स्वस्त फिल्म मिळते ती मूलतः पीव्हीसीची असते. ती लवकर पिवळी पडते, ताठर होते आणि काढताना तुकड्यातुकड्यांनी निघून गोंद मागे ठेवते. संपूर्ण गाडीची फिल्म कोणी ३५-४० हजारांत देत असेल, तर ती बहुधा हीच असते. टीपीयूचा कापलेला तुकडा ताणून सोडला की तो हळूहळू मूळ आकाराकडे परततो; दुकानात ही परीक्षा जरूर करून पाहावी.

मग संपूर्ण गाडीवरच ती का लावू नये? इथे साधा हिशेब मांडावा. आपल्या श्रेणीतल्या गाडीचा एक भाग अधिकृत वर्कशॉपमध्ये रंगवायला आजमितीस ५ ते ९ हजार रुपये पडतात. समजा, पाच-सहा वर्षांत बंपर आणि बॉनेट दोन्ही रंगवावे लागले, तरी तो खर्च १५ हजारांच्या घरात राहतो. पैशांच्याच भाषेत बोलायचे, तर पुढच्या भागाची फिल्मही काटेकोरपणे परवडत नाही. तरीही मी ती सुचवतो त्याचे कारण असे की कारखान्यात ई-कोट १६० अंशांहून अधिक आणि क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, तर वर्कशॉपमधल्या जोडलेल्या गाडीत प्लास्टिक, वायरी, काचा असल्याने तिथे ६० ते ८० अंशांवर सुकणाराच रंग वापरावा लागतो. चांगल्या कारागिराच्या हातचा असला, तरी तो मूळ रंगाच्या तोडीचा क्वचितच असतो, आणि धातूची झाक असलेल्या गडद निळ्याची छटा जुळवणे तर विशेष अवघड. शिवाय जुनी गाडी घेणारे आता जाडी मोजायचे यंत्र घेऊन येतात. बॉनेटवर २००-२५० मायक्रॉनचा आकडा आला की अपघाताची शंका घेतली जाते आणि भाव पडतो. हे युक्तिवाद बॉनेटला लागू होतात. दारांना, पुढची कड सोडून छताला आणि डिकीला महामार्गावर दगड क्वचितच लागतात, तेव्हा तिथे ७०-८० हजार अधिक घालण्याला आपल्या वापरात आधार नाही.

आपण बागेवर रोज जात असता, तर माझे उत्तर बदलले असते. पाणंद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ऊस आत झुकलेला असतो, उसाच्या पात्याच्या कडेला सिलिकाचे बारीक दाते असतात, आणि मधूनच बाभळीची फांदी दारावरून खरवडत जाते. अशा रोजच्या रस्त्यासाठी दारांवर खालपासून हँडलपर्यंत फिल्म लावण्यात शहाणपण आहे. महिन्यातून दोन खेपांना त्याची गरज नाही. त्या खेपांत वेगळी काळजी घ्यावी. बागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी चालू असेल, तर गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी करू नये. मोरचूद आणि चुना यांचे ते तुषार वाळले की निळसर-पांढरे डाग धरतात, आणि चुना उन्हात रंगाला चिकटून बसतो. अशा वेळी त्याच दिवशी भरपूर पाण्याने गाडी धुवावी, डाग नखाने किंवा कोरड्या कापडाने खरवडू नयेत.

पुढच्या भागाच्या कामातही दोन प्रकार असतात. काही ठिकाणी बॉनेटच्या पुढच्या फूटभर पट्टीवरच फिल्म लावून पैसे वाचवतात. पांढऱ्या गाडीवर ते चालते. गडद निळ्यावर त्या पट्टीची कड डोळ्यांत भरते, तिच्यावर मळ धरतो आणि काही वर्षांनी ती रेघ आणखी ठळक होते. म्हणून बॉनेट आणि बंपर पूर्ण, आरसे, पुढचे फेंडर, दारांच्या उघडत्या कडा, हँडलमागच्या वाट्या आणि मागच्या बंपरची सामान ठेवताना घासणारी वरची कड एवढे करून घ्यावे. हेडलाइट पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असतात आणि उन्हाने पिवळे पडतात, त्यामुळे त्यांच्यावर पारदर्शक फिल्म लावणे हा थोड्या खर्चातला फार उपयोगी भाग आहे.

आता आपल्या कडुनिंबाकडे येतो. झाडाखालच्या गाडीला पक्ष्यांच्या विष्ठेतल्या आम्लाचा त्रास होतोच, पण उन्हाने त्यात भर पडते: तापलेला क्लिअर कोट मऊ होतो आणि फुगतो, संध्याकाळी आकसताना वाळलेल्या विष्ठेचा ठसा धरून ठेवतो. मे महिन्यात हे एका दुपारीही होऊ शकते. सिरॅमिक इथे थोडा अवधी देते, संपूर्ण अभय देत नाही. फिल्मवरही डाग पडतात. गाडीत पाण्याची फवारणीची बाटली आणि दोन मऊ मायक्रोफायबर कापडे ठेवावीत, डागावर भिजलेले कापड पाच-दहा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि मग न घासता उचलून घ्यावे. जागा बदलता आली, तर त्याहून उत्तम.

मात्र सांगलीतल्या गडद गाड्यांचे रूप बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण पहाटे फिरणारा कोरडा फडका हेच आहे. इमारतीत गाड्या पुसणारा मनुष्य एक बादली आणि एक कापड यांवर दहा गाड्या उरकतो. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून येणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काजळी आणि राख, एरवी रस्त्याची माती, हे सगळे त्या कापडात बसून बॉनेटवर गोल फिरते. सहा महिन्यांत उन्हात पाहिले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जाळे विणल्यासारखे ओरखडे दिसतात. सिरॅमिक केलेल्या गाडीवरही ते तसेच पडतात. आपण पुसणाऱ्याला गाडीच्या बाहेरच्या अंगाला हात न लावण्याचे पैसे द्यावेत. हे मी गमतीने म्हणत नाही, महिन्याचे तेच पैसे त्याला द्यावेत आणि आतून गाडी झाडून घ्यावी. बाहेरून आठवड्यातून एकदा आधी नुसत्या पाण्याने माती उतरवून, मग कार शॅम्पू, एक बादली फेसाची आणि दुसरी हातमोजा खळबळण्याची, अशा रीतीने धुवावी. हे सगळे साहित्य दोन-तीन हजारांत येते, आणि आपल्या निळ्या रंगासाठी ते २८ हजारांच्या सिरॅमिकपेक्षा अधिक काम करील. कापडी कव्हरही मळक्या गाडीवर चढवू नये; वाऱ्याने ते हलत राहते आणि खालची धूळ घासत बसते.

सिरॅमिकविषयी एक गैरसमज पाण्यावरून होतो. पाण्याचे मोत्यासारखे थेंब घरंगळताना दाखवले जातात, पण गाडी उभी असताना बॉनेटवर राहिलेले थेंब तिथेच वाळतात. पावसाचे पाणी असेल तर फारसे बिघडत नाही. बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल तर प्रत्येक थेंबामागे कॅल्शियमचे पांढरे वर्तुळ उरते, आणि सिरॅमिकवर ते अधिकच रेखीव दिसते. आपल्या इमारतीत बोअरचे पाणी असल्यास धुणे सावलीत करावे आणि गाडी लगेच टिपून घ्यावी. हे जमणार नसेल, तर सिरॅमिकवर खर्च करूच नये, दर ५-६ महिन्यांनी सीलंटचा एक हात मारावा. सिरॅमिकचा खरा लाभ मळ सहज सुटणे आणि चकाकी टिकणे एवढाच आहे, आणि तेवढ्यासाठी १२ ते १५ हजारांपलीकडे जाण्याचे मला कारण दिसत नाही. ‘तीन थर’, ‘पाच थर’ यांचे वेगळे पैसे तर मुळीच देऊ नयेत.

टेफ्लॉनचे चार शब्दांत सांगतो. तव्यावर ते बसवण्यासाठी साडेतीनशे अंशांहून अधिक तापमान लागते. गाडीवर ते तसे बसवता येत नाही. बाटलीतले जे लावले जाते ते पॉलिशच असते आणि काही महिन्यांत निघून जाते.

अँटिरस्टचा विचार प्रदेशानुसार करावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सांगलीला सहाशेच्या आतबाहेर. कोकणात किंवा पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला कायम राहणाऱ्या गाडीला मेणयुक्त लेप उपयोगी पडू शकतो. आपल्याकडे कारखान्याचा ई-कोट आणि सांध्यांवरचे सीलंट पुरेसे आहे. उलट घाईने फवारलेला काळा लेप दारांच्या आणि तळाच्या निचऱ्याची भोके बुजवतो आणि पाणी आत कोंडतो. हे पैसे वाचवून विम्यात इंजिन प्रोटेक्टचे, म्हणजे पाणी शिरून झालेले इंजिनाचे नुकसान भरून देणारे, कलम घ्यावे, असे मी सांगलीकरांना आवर्जून सांगतो; २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना याचे कारण सांगायला नको. विम्याचा विषय निघालाच आहे, तर झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापण्याचे कलमही घ्यावे, कारण साध्या पॉलिसीत रंगाच्या साहित्याच्या खर्चातून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते. मात्र दोन टवक्यांसाठी दावा करून नो क्लेम बोनस घालवू नये. तिथे कंपनीच्या रंगक्रमांकाची टच-अप बाटली पुरते.

काम कुठे आणि केव्हा करावे, यालाही महत्त्व आहे. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून काहीही लावून घेऊ नये. गाडी न धुता, न पॉलिश करता दाखवा, असे लेखी कळवावे आणि रंग उन्हात नीट पाहावा, कारण वाहतुकीतला ओरखडा घासून त्यावर लेप चढवला, तर तो आपल्याला कळणार नाही. ताबा घेताना बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढू नये आणि फिती चिकटपट्टीने लावू नयेत, एवढी विनंती करावी. पूजा काचेवरही होते. मग एक-दोन आठवड्यांत फिल्मचे काम करावे. आधी लोखंडी कण काढणारे रसायन आणि क्ले, म्हणजे चिकटलेला मळ ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा, यांनी रंग स्वच्छ करून घ्यावा, नव्या गाडीवर खोल रबिंग करू देऊ नये. क्रम फिल्म आधी आणि सिरॅमिक नंतर असाच हवा. सिरॅमिकवर फिल्म नीट चिकटत नाही.

ज्याच्याकडे काम द्याल त्याची जागा पाहून यावी. उघड्या शेडमध्ये, शेजारी गाड्या धुतल्या जात असताना लावलेल्या फिल्मखाली धूळ राहतेच आणि ती कधीच जात नाही. पाण्याचे बुडबुडे मात्र दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरतात. फिल्म प्लॉटर या संगणकी कापणीयंत्रावर गाडीच्या मापाने कापली जाते की गाडीवरच ब्लेडने, हे विचारावे. ब्लेडचा हात हलका नसेल, तर कडेला रंगावर जी बारीक चीर पडते ती फिल्म काढेपर्यंत दिसत नाही. कारागीर निष्णात असेल, तर मोठ्या भागांच्या कडा आत वळवण्यासाठी थोडे हातकाम त्याला करावेच लागते, त्यावर मी आक्षेप घेणार नाही. रंगीत फिल्मचा मोह झाला, तर आरसीवर रंगाची नोंद असते, हे ध्यानात ठेवावे.

बिलावर फिल्मची कंपनी, तिचा प्रकार, रोलचा क्रमांक आणि कोणकोणत्या भागांवर लावली हे जीएसटीसह लिहून घ्यावे. वॉरंटी पिवळेपणा, तडे, सुटणे आणि बुडबुडे यांची असते, दगडाने फाटण्याची नसते. आणि सिरॅमिकच्या वॉरंटीत दरवर्षी सशुल्क ‘मेंटेनन्स’ची अट असल्यास ती रक्कम आजच किमतीत मिळवून पाहावी. काम झाल्यावर आठवडाभर गाडी धुऊ नये, त्यानंतरही प्रेशर पंपाची नळी फिल्मच्या कडेपासून फूटभर लांब धरावी, आणि दहा-पंधरा दिवसांनी त्याच कारागिराकडे जाऊन बंपरच्या कोपऱ्यांतल्या व आरशांच्या कडा बोटाने तपासून घ्याव्यात, कारण सुटायला सुरुवात होते ती तिथूनच, आणि तेव्हा ती पाच मिनिटांत बसवता येते.